जमिनीच्या पोटातला गारवा आणि शासनाची मदत

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभातील भाषणाचे विषय बहुधा ठरलेले असतात. शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा, शिस्त. हे विषय जुने असले तरी शिळे झालेले नाहीत. आज मात्र मी एक वेगळा विषय घेऊन आपणापुढे उभा आहे. जमिनीच्या पोटातील उष्णतेचा आणि गारव्याचा उपयोग घर उबदार किंवा थंड ठेवण्यासाठी कसा करतात, आणि त्यासाठी सरकार नागरिकाला कोणती मदत देते, हा तो विषय. आपण म्हणाल, याचा शिक्षणाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, खालच्या वर्गांच्या एप्रिलमध्ये. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर चढतो. ज्यांचे घर दगडी आहे किंवा ज्यांच्याकडे दोन मजले आहेत, त्यांचे निभते. पण टिनाच्या एका खोलीत दुपारी दोन वाजता बसून त्रैराशिक सोडवून पाहावे, म्हणजे आपल्या मुलांचे गुण कुठे वितळतात ते कळेल. मुलगा निदान घराबाहेर पडतो. मशिदीच्या ओट्यावर, कडुनिंबाखाली, नाहीतर मित्राच्या कूलरपुढे जाऊन बसतो. मुलगी कुठे जाईल? ती त्याच खोलीत असते, आणि शेजारी चूल किंवा गॅस पेटलेला असतो. मुलींच्या शिक्षणावर आपण अनेक भाषणे ऐकली. छपराखालच्या या उकाड्याचा हिशेब मात्र त्यांत क्वचितच मांडला जातो.

आणखी एक गोष्ट आठवून पाहा. २०१८ आणि २०१९ साली रमजान मे-जून महिन्यांत आला होता. त्या रोज्यांची दुपार कशी गेली हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता रमजान मागे सरकत हिवाळ्याकडे चालला आहे. पण चांद्र वर्षाचा हिशेब असा आहे की २०५० च्या सुमारास तो पुन्हा मे महिन्यात येईल. आज पहिलीत बसलेले मूल तेव्हा तिशीतले, घरचे कर्ते माणूस असेल. त्याचे घर कसे असावे याचा विचार आजच सुरू झाला पाहिजे.

उन्हाळ्यावर आपला वऱ्हाडी उपाय म्हणजे कूलर. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. परंतु त्याला बादल्यांनी पाणी लागते, आणि ज्या महिन्यात कूलर हवा त्याच महिन्यात विहिरी तळ गाठतात व नळ दिवसाआड नाहीतर त्याहून उशिरा येतो. वुजूच्या पाण्याचीही उधळपट्टी करू नये अशी ज्यांची शिकवण, त्यांना ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. एसीला पाणी लागत नाही, पण त्याचे बिल सर्वांना झेपत नाही, आणि तो आपली खोली थंड करताना तिच्यातली उष्णता गल्लीत ओततो. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या वाट्याला ती जास्तीची उष्णता येते.

आता जमिनीकडे वळू. विद्यार्थी मित्रांनो, ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तुम्ही पाठ केला आहे. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेले कोठार. आपल्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारी पेवात ठेवीत. वर रखरखीत ऊन असो की डिसेंबरची थंडी, पेवाच्या आत हवामान फारसे बदलत नसे. दुसरे उदाहरण विहिरीचे. हिवाळ्यात पहाटे काढलेले विहिरीचे पाणी कोमट लागते, आणि उन्हाळ्यात तेच पाणी गार लागते. पाणी जवळजवळ तेच असते, बाहेरची हवा बदललेली असते.

याचे कारण साधे आहे. सूर्याची उष्णता मातीत फार हळूहळू उतरते. ती तीन-चार मीटर खाली पोहोचेपर्यंत वर ऋतू बदललेला असतो. त्यामुळे त्या खोलीवर उन्हाळा-हिवाळ्याचा फरक बहुतेक मिटून जातो, आणि जमिनीचे तापमान त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहते. आपल्या भागात ते २६-२७ अंश सेल्सिअसच्या आसपास धरायला हरकत नाही. वर त्रेचाळीस आणि दोन पुरुष खाली सत्तावीस! हा सोळा अंशांचा फरक ऐन उन्हाळ्यात आपल्या पायाखाली पडून असतो.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. शाळेच्या सहलीत तुम्ही छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही वास्तू. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून तेथे आणले आहे. तेथील मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत. वर पाणी, भोवती जमीन, आणि खाली उन्हाळ्यातही गारवा. पाणचक्कीने पीठ दळले हे आपण पाहून येतो. तिच्या पोटातील ही योजना मात्र पाहायची राहून जाते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘भूऔष्णिक ऊर्जा’ हा शब्द ऐकला की आपल्याला उन्हाळी म्हणजे गरम पाण्याचे झरे आठवतात. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे, राजापूर येथे असे झरे आहेत. आपल्या पैनगंगेच्या खोऱ्यात खाली नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर येथेही गरम झरा आहे. तेथे पृथ्वीच्या खोल गर्भातील उष्णता फटीतून वर येते. अशी जागा प्रत्येक गावात नसते. मी ज्या गारव्याविषयी बोलत आहे तो उथळ जमिनीतला आहे. तो कारंज्यात आहे, मंगरूळपीरला आहे, रिसोडला, मालेगावला, मानोऱ्यालाही आहे.

तो वर कसा आणायचा? रीती दोन आहेत. पहिली अगदी सोपी. जमिनीत खोलवर लांब नळ किंवा बोगदा टाकायचा आणि बाहेरची हवा पंख्याने त्यातून ओढून खोलीत सोडायची. जाता जाता हवा आपली उष्णता मातीला देते. हरियाणातील गुडगावजवळ ‘टेरी’ या संस्थेने २००० साली आपल्या प्रशिक्षण केंद्राच्या निवासी इमारतीसाठी असे बोगदे चार मीटर खोलीवर बांधले. दुसरी रीत हीट पंपाची. तुमच्या घरातील फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम करतो. फरक इतकाच की तो ती उष्णता हवेऐवजी जमिनीत पुरलेल्या बंद नळ्यांतील पाण्याला देतो, आणि ते पाणी ती मातीत सोडून परत येते. हेच चक्र उलटे फिरवले की थंड देशात घर उबदार होते. विजेचे एक युनिट खर्चून तीन-चार युनिटांइतकी उष्णता इकडून तिकडे नेता येते. आणि पाणी नळीतच फिरत राहत असल्याने विहिरीतला थेंबही खर्च होत नाही.

मग हे घरोघर का झाले नाही? कारण सुरुवातीचा खर्च. नळ्या पुरण्यासाठी खणावे लागते किंवा बोअर मारावे लागते. यंत्र वर्षानुवर्षे पैसे वाचवते, पण पहिल्या दिवशी पैसे मागते. अमेरिकेसारख्या देशातही एका घराच्या यंत्रणेला वीस-तीस हजार डॉलर लागतात. म्हणूनच जगात जेथे जेथे ही विद्या पसरली, तेथे सरकारने हात दिला.

आइसलँड या बर्फाळ देशाचे उदाहरण घ्या. तेथील रेकयाविक शहरात १९३० साली सुमारे तीन किलोमीटर लांब नळ टाकून झऱ्याचे गरम पाणी आणले. ते सर्वप्रथम कोणाला दिले? एका प्राथमिक शाळेला! पुढे १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले, तेव्हा त्या सरकारने गावोगावी गरम पाणी शोधण्यासाठी कर्जे दिली, आणि अट अशी ठेवली की बोअर वाया गेले तर ते कर्ज अनुदान समजले जाईल. ज्यांनी शेतात कोरडी बोअर खणली आहे त्यांना या एका अटीचे मोल सांगायला नको. आज त्या देशातील दहापैकी नऊ घरे जमिनीच्या उष्णतेवर उबदार राहतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जुना बॉयलर काढून जमिनीशी जोडलेला हीट पंप बसवणाऱ्यासाठीचे सरकारी अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये ७,५०० पौंड करण्यात आले. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने अशा खर्चाच्या तीस टक्के इतकी सूट घरमालकाला प्राप्तिकरात मिळू लागली. पण २०२५ साली नवा कायदा झाला आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला ती सूट राहिली नाही. यातून एक धडा घ्यावा. सरकारी मदतीचे दार कायम उघडे नसते. ते उघडे असताना ज्याची तयारी असते, तोच आत जातो.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात जमिनीच्या उष्णतेचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने अनेक दशके केला. देशात ३८१ ठिकाणी जमिनीखाली नेहमीपेक्षा अधिक उष्णता आढळल्याची नोंद आहे. लडाखमधील पुगा खोऱ्यात वीज निर्माण करण्यासाठी २०२१ साली ओएनजीसीने करार केला. या विषयावर स्वतंत्र राष्ट्रीय धोरण मात्र नव्हते. ते केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात केवळ वीज नाही. इमारती गरम व थंड करणे, शेती, मत्स्यपालन यांसाठी थेट वापर, आणि जमिनीशी जोडलेले हीट पंप यांचाही स्पष्ट समावेश आहे. संशोधनाला आणि प्रायोगिक प्रकल्पांना साहाय्य देण्याची भूमिका त्यात आहे, आणि राज्यांवरही जबाबदारी टाकली आहे.

ही आनंदाची गोष्ट आहे. पण नीट वाचणाऱ्याला त्यातील उणीवही दिसते. या धोरणात एका सामान्य घराला अमुक इतके रुपये मिळतील असा आकडा नाही. मोठ्या कंपनीला, संशोधन संस्थेला त्यात वाट दिसते. टिनाखाली राहणाऱ्या कुटुंबाला अजून दिसत नाही.

घरासाठी आकडा ठरवला की काय होते, हे सौर छताच्या योजनेने दाखवले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत एक किलोवॉटच्या संचाला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्राची मदत ठरली. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी त्यात आपली भर घातली. आकडा स्पष्ट होता, म्हणून गावातल्या माणसालाही योजना समजली. जमिनीच्या गारव्यासाठी अशीच स्पष्ट मदत असावी, ही आपली रास्त मागणी आहे.

मागणी करताना आपण डोळे उघडे ठेवले पाहिजेत. आपली जमीन या कामाला सोपी नाही. वरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात टाकलेला नळ तडकू शकतो. खाली मुरूम आणि मग काळा पाषाण, त्यामुळे खणाई महाग. थंड देशात हिवाळ्यात नळ्या मातीतून उष्णता काढून घेतात आणि उन्हाळ्यात परत देतात, म्हणून हिशेब जुळतो. आपल्याकडे आपण मातीला फक्त उष्णताच देणार. तिला रात्रीची व हिवाळ्याची विश्रांती मिळाली नाही, तर नळ्यांभोवतीची माती हळूहळू तापत जाईल. हवेच्या बोगद्यात पावसाळ्यात ओल धरते, डास शिरतात, त्यासाठी उतार, निचरा आणि जाळी लागते. म्हणून कोणी विक्रेता दारात येऊन जादूचे यंत्र दाखवू लागला, तर आधी त्याला विचारा, आमच्या जमिनीचा अभ्यास केला आहे का?

याच कारणासाठी माझे मत असे की आपल्या भागात याचा आरंभ एकेका घरापासून न होता शाळेपासून व वसतिगृहापासून व्हावा. शाळा दिवसा भरते, रात्री बंद असते, त्यामुळे जमिनीला विश्रांती मिळते. मैदान मोठे, म्हणून नळ पुरायला जागा असते. खर्च शेकडो मुलांवर वाटला जातो. आणि मुख्य म्हणजे शाळेत बसवलेले यंत्र हे यंत्रही असते आणि धडाही असतो. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. शिक्षण हा त्या कार्यक्रमाचा एक मुख्य विषय आहे. अशा जिल्ह्यातील शाळेने ‘आम्हाला प्रायोगिक प्रकल्प द्या’ असे म्हटले, तर त्यात वावगे काही नाही. सूर्यघर योजनेतील अनुदान घरांसाठी आहे, शाळांसाठी नाही. म्हणून शाळांची मागणी स्वतंत्रपणे मांडावी लागेल.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. यंत्राने थंड करण्याआधी इमारतच कमी तापेल अशी बांधावी, हे त्यातील एक महत्त्वाचे सूत्र आहे. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे पाच वर्षांचे धोरण आणले. छप्पर पांढरे असले की ऊन परतून जाते, हे त्यामागचे शास्त्र. स्लॅबवर चुन्याचा जाड हात, टिनाखाली तट्ट्याचे किंवा बांबूचे अंतर्छत, पश्चिमेच्या भिंतीला कडुनिंबाची सावली. हे उपाय या उन्हाळ्यापूर्वी करता येतात. त्यांना मंजुरी लागत नाही.

आता तीन विनंत्या करून मी रजा घेतो.

पहिली विनंती पालकांना. शासनाची मदत भावनेवर मिळत नाही, ती कागदावर मिळते. घर आजोबांच्या नावावर, वीज मीटर त्यांच्याही वडिलांच्या नावावर, वाटणी तोंडी, बँक खात्यात नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे, अशी स्थिती आपल्या वस्तीत थोडीथोडकी नाही. सौर छताची मदतही घर आणि वीजजोडणी आपल्या नावावर असल्याचे विचारते. उद्या जमिनीच्या गारव्याची योजना आली तर तीही हेच विचारील. बुजुर्ग हयात असताना वारसाच्या नोंदी करा. त्यात बहिणींचा आणि मुलींचा शरीयतने व कायद्याने दिलेला हिस्सा लपवू नका. मीटर योग्य नावावर करून घ्या. एका भल्या सकाळी महावितरणच्या कार्यालयात जाऊन करण्याचे हे काम आहे, पण ते न केल्यामुळे घरात येणारा पैसा उंबरठ्यावरून परत जातो.

दुसरी विनंती संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना. पुढची खोली बांधाल तेव्हा पाया खणण्याआधी अभियंत्याला एवढे विचारा, की या खणाईतच हवेचा नळ टाकता येईल का? पाया एकदाच खणला जातो. नंतर फरशी फोडून हे काम होत नाही. आणि महाऊर्जा व जिल्हा नियोजन समितीकडे एक रीतसर प्रस्ताव पाठवा. नकार आला तरी चालेल. नकाराचे कागदही फायलीत राहतात आणि पुढच्या वेळी उपयोगी पडतात.

तिसरी विनंती विद्यार्थी मित्रांना, आणि मुलींना जरा अधिक. ही विद्या आपल्याकडे नवी आहे, म्हणून तिचे जाणकार थोडे आहेत. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम आहे. पॉलिटेक्निकमध्ये यंत्र व स्थापत्य अभियांत्रिकी आहे. महाविद्यालयात भूविज्ञान आहे. आपल्या मोहल्ल्यात फ्रिज दुरुस्त करणारे कुशल कारागीर अनेक आहेत. त्यांच्या हातात जे कसब आहे, तेच हीट पंपाचे कसब आहे. त्याला पुस्तकाची आणि प्रमाणपत्राची जोड मिळाली, तर उद्या या जिल्ह्यात जमिनीशी जोडलेली पहिली यंत्रणा बसवणारा हात तुमच्यापैकी कोणाचा तरी असेल.

सरकारी धोरणे बहुधा इंग्रजीत निघतात आणि दिल्लीतच राहतात. ती वाचून मराठीत आणि उर्दूत लोकांना समजावून सांगणे हे आम्हा शिक्षकांचे काम. समजल्यावर अर्ज करणे तुमचे काम. आणि अर्ज नाकारला तर का नाकारला हे नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा विचारणे हे आपल्या सर्वांचे काम. अल्लाहने जमिनीत गारवा ठेवला आहे. तो वर आणण्याची अक्कलही त्यानेच दिली आहे. तिचा वापर करण्याची तौफीक आपल्याला लाभो, एवढीच दुआ करतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.